मी अकाली मारलेला टूनिस

मेलेली माणसं त्रास देत नाहीत असं ज्यांना वाटतं, त्यांनी मेलेल्यांचे पत्ते शोधायचं काम कधी केलेलं नाही. मी ते सात वर्षं केलं. न्यू जर्सीतल्या एका लहान गावात, दाताच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. लोक जिना चढून यायचे, पणजोबाचं किंवा खापरपणजोबाचं नाव सांगायचे, आणि आम्ही एकेक पिढी मागे जात त्यांना घराण्याचा मूळ पुरुष गाठून द्यायचो. खालून यंत्राची घरघर ऐकू यायची, मधूनच एखादं कण्हणं. आमच्याकडेही लोक कण्हतच बाहेर पडायचे. खाली निदान भूल तरी द्यायचे.

२००८ मध्ये ते ऑफिस बंद झालं. चर्चची जुनी पुस्तकं एकेक करून कॉम्प्युटरवर आली आणि आमच्याकडे जिना चढून येणारे लोक घरी बसल्या बसल्या आपले पूर्वज स्वतःच हुडकू लागले. मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं. मायक्रोफिल्मच्या यंत्रात डोकं खुपसून माझी मान कायमची वाकडी झाली होती आणि चष्म्याचा नंबर सईच्या उंचीबरोबर वाढत होता. सई माझी मुलगी. आम्ही वेस्ट विंडसरला राहायचो. माझे यजमान अशोक एका औषध कंपनीत संशोधन करायचे. पुण्यात मी दहा वर्षं मोडी कागद वाचले होते, आणि अमेरिकेत मोडी वाचणारीला काम कोण देणार, म्हणून घरात बसून होते.

काम दिलं डोरथीने. ही ऑफिसची मालकीण, शाळेतून निवृत्त झालेली ग्रंथपाल. ‘जुनं हस्ताक्षर वाचणारी व्यक्ती पाहिजे’ अशी चिठ्ठी तिने आमच्या लायब्ररीतल्या फळ्यावर लावली होती. गेले. तिने एका डच चर्चच्या बारशाच्या नोंदवहीची झेरॉक्स माझ्यापुढे टाकली.

“पण मला डच येत नाही,” मी म्हटलं.

“मला तरी कुठे येतं? वाच.”

तासाभरात मी पानावरची सगळी नावं लावून दिली. यात बुद्धीचा भाग थोडाच. दहा वर्षं मोडीत घालवली की लिपी परकी असली तरी लिहिणाऱ्याचा हात ओळखू येतो. तो कुठे घाईत होता, कुठे शाई संपत आली होती, कुठे मागच्या नोंदीवरून नुसतंच उतरवून काढलंय, हे दिसायला लागतं. अशोक म्हणाला, “वॉव! म्हणजे मोडी फायनली युजफुल ठरली.” 

बाहेरच्या माणसाला या धंद्यातलं थोडं सांगायला हवं. आमच्या भागातल्या नद्यांच्या काठी डच शेतकरी फार पूर्वी येऊन वसले. पुढे राज्य इंग्रजांचं झालं, पण या मंडळींनी चर्चमध्ये आणि घरात आपली भाषा पुढच्या कित्येक पिढ्या सोडली नाही. त्यांच्या वहीत बारशाची नोंद एका ओळीची असते. बाप, आई, मूल, साक्षीदार, संपलं. बाईचं माहेरचं आडनाव चर्चच्या वहीत लग्नानंतरही तसंच राहतं. मुलाच्या नावापुढे बापाचं नाव, मग आडनाव. डोरथीला ही पद्धत नवीन माणसाला समजावायला अर्धा दिवस लागायचा. मला काय समजावणार? आधी स्वतःचं, मग वडलांचं, मग आडनाव, हे तर मी शाळेच्या दाखल्यापासून लिहीत आले होते. थोरल्या मुलाला वडलांच्या वडलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडलांचं. वाचता वाचता वाटायचं, ही तर आपलीच माणसं की! आणि एकदा असं वाटलं की माणूस विचारायचं सोडून देतो.

मी रुजू झाले २००१ च्या उन्हाळ्यात. त्याच सप्टेंबरनंतर लोकांना एकदम सैनिक पूर्वज हवे झाले. त्याआधी सरदार-उमराव हवे असायचे. एक बाई घराण्याचं कुलचिन्ह अंगठीवर कोरून घेऊन आल्या होत्या, फक्त ते घराणं सापडायचं राहिलं होतं. त्यांचा मूळ पुरुष जहाजावर पिंपं बनवणारा निघाला. त्यांनी अंगठी काढून पर्समध्ये टाकली आणि मला म्हणाल्या, “बघा पुन्हा.” फोनवर माझं नाव ऐकून काही जण चाचरायचे. “तिथे इथलं कुणी आहे का बोलायला?” असं एकाने विचारलं तेव्हा डोरथीने रिसीव्हर घेतला आणि म्हणाली, “तीच इथली आहे. मी पेनसिल्व्हेनियाची.” त्या काळात असं कुणी बोललं की बरं वाटायचं.

सगळंच हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. एका सभ्य गृहस्थांच्या पूर्वजाचं मृत्युपत्र मी काढून दिलं. त्यात कपाट, पलंग, घोडी, आणि त्याच ओळीत एका काळ्या बाईचं नाव, तिच्या मुलीसकट. थोरल्या मुलाला दिलेली. इथले डच शेतकरी गुलाम ठेवत, हे मला ठाऊक होतं, त्या गृहस्थांना नव्हतं. त्यांनी दोन दिवसांनी येऊन अगदी हळू आवाजात विचारलं, “ते एक पान गाळता येईल?” मी नाही म्हटलं. कागद जे सांगतो ते सांगायचं, कमी नाही, जास्त नाही. या बाण्याचा मला फार अभिमान होता. नको तितका होता, हे पुढे कळलं.

वॉल्टर व्हॅन डोर्प आला तो २००३ च्या पानगळीत. चौऱ्याहत्तर वर्षांचा, उंच, जन्मभर शाळेची बस चालवलेला. कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, आणि काखेत बुटांचं खोकं. खोक्यात घराण्याचे कागद. खुर्चीत बसायच्या आधी त्याने टोपी काढली.

त्याची मागणी साधी होती. त्याच्या गावच्या जुन्या चर्चमागच्या स्मशानात एक खडबडीत दगड होता. त्यावर टी. व्ही. डी. एवढी तीन अक्षरं, ना साल ना काही. हा टूनिस व्हॅन डोर्प, वॉल्टरचा मूळ पुरुष. स्वातंत्र्ययुद्धात तो मिलिशियात लढला असं घरात सांगत आले होते. दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस मेमोरियल डेला, म्हणजे युद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मरणाच्या दिवशी, वॉल्टर त्या दगडाशी छोटा झेंडा लावायचा. त्याआधी त्याचे वडील लावत, त्याआधी आजोबा.

“तुम्हाला सर्टिफिकेट हवंय का?” मी विचारलं. सैनिकांच्या वंशजांच्या संस्था असतात, बरेच लोक त्यासाठी यायचे.

“नको,” तो म्हणाला. “त्याच्या शेजारी माझा धाकटा भाऊ आहे. रॉय. कोरियाच्या लढाईत मारला गेला तेव्हा वीस वर्षांचा होता. त्याच्या दगडाशीही मी झेंडा लावतो. टूनिसचा जर नुसताच सांगोवांगीचा असेल, तर रॉयच्या शेजारी तो बरा दिसत नाही. मला जायच्या आधी हे नक्की करायचंय.”

असा ग्राहक सात वर्षांत दुसरा आला नाही. बाकी सगळे हवं ते उत्तर ठरवून यायचे. हा खरं काय ते विचारायला आला होता.

मिलिशिया म्हणजे पगारी फौज नव्हे. गावातले सोळा ते पन्नास वयाचे पुरुष. हाक आली की नांगर सोडायचा, बंदूक घ्यायची, महिनाभर पहाऱ्याला जायचं, परत येऊन कापणी करायची. त्यामुळे कागद फार थोडे. हजेरीच्या यादीत नुसतं नाव असतं. वय नाही, बापाचं नाव नाही. यादीत मला टूनिस व्हॅन डोर्प सापडला, एकच. आणि चर्चच्या वहीत त्या वेळचे मोठे झालेले टूनिस व्हॅन डोर्प सापडले दोन. एक वॉल्टरचा, युद्ध सुरू झालं तेव्हा पन्नाशीच्या अलीकडचा. दुसरा त्याचा सख्खा पुतण्या, विशीतला. दोघांना घराण्यातलं एकच जुनं नाव दिलेलं. पुतण्या युद्धानंतर न्यूयॉर्ककडे निघून गेला. मग यादीतला कोणता?

चार महिने मी हे उकलत होते. एके दिवशी वहीत सापडलं की वॉल्टरच्या टूनिसला नातू झाला, युद्धाच्या दोन वर्षं आधी. थोरल्या मुलाचा थोरला. नाव टूनिस. साक्षीदारांचा रकाना कोरा.

मला हायसं वाटलं. उत्तर मिळालं होतं. नातवाला आजोबांचं नाव दिलंय, म्हणजे आजोबा गेलेले. आणि असते तर साक्षीला तेच उभे राहिले नसते का? तेव्हा यादीतला सैनिक हा पुतण्याच. मी अहवालात लिहिलं, ‘टूनिस व्हॅन डोर्प, मृत्यू युद्धापूर्वी.’ एक ओळ. कशावरून, ते लिहिलं नाही. उजेड आहे म्हणजे दिवस आहे, याला कुणी पुरावा देतं का? डोरथीने वाचून सही केली.

वॉल्टरने अहवाल उभ्यानेच वाचला.

“खात्री आहे?”

“हो,” मी म्हटलं. “खात्री आहे.”

“थँक यू, मॅम,” तो म्हणाला, खोकं काखेत मारलं आणि जिना उतरला. मे महिना संपता संपता त्याचा फोन आला. “या वर्षी एकच लावला,” एवढं सांगून त्याने ठेवून दिला. घरी मी हे सांगितलं. अशोक म्हणाला, “अगं, जे ट्रू आहे ते सांगितलंस ना? मग कशाला टेन्शन घेतेस?” बरोबरच होतं. खरं कडू असतं वगैरे मीच माझी समजूत काढली आणि पुढच्या फाइली उघडल्या.

पुढच्या वर्षीही एकच झेंडा लागला.

२००६ चा फेब्रुवारी. दुसऱ्याच एका घराण्याचं काम होतं. युद्धानंतर कितीतरी वर्षांनी सरकारने उरलेल्या म्हाताऱ्या सैनिकांना पेन्शन द्यायचं ठरवलं. कागद नव्हते, म्हणून त्यांनी न्यायाधीशापुढे शपथेवर आठवणी सांगायच्या, कुठे गेलो, बरोबर कोण होतं. या जबान्या वाचायला मला आवडायच्या. मेलेली माणसं एवढ्या एकाच ठिकाणी स्वतः बोलतात. दुपारची वेळ होती, मी सँडविच खात फिल्म पुढे सरकवत होते. त्या घराण्यातला म्हातारा सांगत होता की तो तेव्हा सतरा वर्षांचा होता, आणि धोक्याचा इशारा झाल्यावर शेजारच्या थोरल्या टूनिस व्हॅन डोर्पला हाक मारायला त्यालाच धाडलं होतं. टूनिस दारात बसला होता. मांडीवर त्याच्याच नावाचा नातू होता. त्याने मूल सुनेच्या हातात दिलं, बंदूक उचलली आणि निघाला. त्या महिन्यात दोघे एकाच नदीच्या पुलावर पहाऱ्याला होते.

मी ते तीनदा वाचलं. सँडविच तसंच राहिलं. 

घरी आल्यावर जेवताना मी अशोकला विचारलं, “सईच्या वेळी मुलगा झाला असता तर काय नाव ठेवलं असतं रे?”

“काय माहीत. का?”

“बाबांचं ठेवलं असतं?”

“काहीतरीच काय! बाबा होते ना तेव्हा.” त्याने मान वर करून पाहिलं. “जिवंत माणसाचं नाव कसं ठेवणार? आणि आईने नातवाला हाक काय मारली असती?”

सई ताटातलं चिवडत ऐकत होती. “बट व्हाय नॉट?” ती म्हणाली. “केटी इज नेम्ड आफ्टर हर ग्रँडमा. शी इज टोटली अलाइव्ह, आई. शी ड्राइव्ह्ज अस टु सॉकर.”

बारा वर्षांच्या पोरीला जे मैदानावर कळलं होतं ते मला चार महिने कागदात डोकं घालून कळलं नाही. डच लोक आजोबांचं नाव आजोबांच्या देखत ठेवत. त्यांच्या मांडीवर बसवून ठेवत. आमच्या घरात आजोबा गेल्याशिवाय त्यांचं नाव पाळण्यात येत नाही, आणि ही रीत मी दोनशे वर्षांपूर्वीच्या परक्या माणसाच्या पाळण्याला नेऊन बांधली. कागदात जे आहे तेच सांगणारी मी! कागदात कुठेही मृत्यू नव्हता. तो माझ्या घरचा होता.

डोरथीने ऐकून घेतलं. “मला वाटलं तुझ्याकडे मृत्युपत्र असेल,” ती म्हणाली. “तू कारण लिहिलं असतंस तर मी लगेच पकडलं असतं.” नंतर मी फोन उचलला तर तिने माझ्या हातातून काढून घेतला. “फोन नाही. जाऊन सांग.”

चाळीस मिनिटांचा रस्ता. रस्त्याकडेचा बर्फ काळा पडला होता. वॉल्टर स्वयंपाकघरात शब्दकोडं सोडवत बसला होता. मी जबानीची प्रत त्याच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं, आमच्याकडची नाव ठेवायची रीतसुद्धा. लाज वाटत होती, पण ते सांगितल्याशिवाय चूक कळली नसती. त्याने पेन्सिल खाली ठेवली. प्रत वाचली, बाजूला ठेवली, पुन्हा ओढून वाचली.

“गेल्या वेळीही तुला खात्री होती,” तो शेवटी म्हणाला.

“हो.”

“आता?”

“आता कागद आहे,” मी म्हटलं. “खात्री हा शब्द मी वापरणार नाही.”

 मला वाटलं, ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो उठला, कोट घातला, टोपी घेतली आणि म्हणाला, “चल.”

चर्च रस्त्यापलीकडेच होतं. गुडघ्याला टोचणाऱ्या वाळक्या गवतातून, बर्फातून तो पुढे आणि मी मागे. तीन अक्षरांच्या दगडाशी तो थांबला. शेजारी रॉयचा गुळगुळीत दगड, त्याच्याशी मागच्या मे महिन्यातला झेंडा वाऱ्यापावसाने विटून गेलेला.

“सांग त्याला,” वॉल्टर म्हणाला.

मला आधी कळलंच नाही.

“मला सांगून काय उपयोग? मी तुझ्यावर विश्वास ठेवला, ती माझी चूक. तू मेला म्हणालीस ते याला. याला सांग.”

मी इंग्रजीत सुरुवात केली. त्याने हात वर केला. “त्याच्या घरात इंग्रजी कुणी बोलत नव्हतं. मलाही त्याची भाषा येत नाही. तुला मनापासून बोलता येतं त्या भाषेत सांग.”

थंडीने ओठ बधिर झाले होते. आसपास कुणी नव्हतं, तरी मी इकडेतिकडे पाहिलं. मग डोक्यावरची लोकरी टोपी काढली.

“आजोबा,” मी म्हटलं, “माझी चूक झाली. तुम्ही होतात. नातवाला सुनेकडे देऊन तुम्ही गेला होतात. मी न विचारता तुम्हाला मारलं.”  रडू येत होतं, आणि एका डच शेतकऱ्यापुढे मराठीत रडताना आपण कसे दिसत असू हेही मनात येत होतं.

 “काय सांगितलंस?” वॉल्टरने विचारलं. मी इंग्रजीत सांगितलं. त्याने मान हलवली.

“आता रॉयला सांग,” तो म्हणाला. “दोन वर्षं तो इथे एकटाच उभा होता.”